पेरणी आणि फलत्याग

मराठवाड्याच्या पर्जन्यछायेतील काळ्या रानात उन्हाळी नांगरट उरकून आणि वखराच्या पाळ्या घालून कुणबी जेव्हा ७ जूनच्या सुमारास लागणाऱ्या मृग नक्षत्राकडे डोळे लावून बसतो, तेव्हा फलाशेविना कर्म कसे करावे हा गीतेतील प्रश्न त्याच्या बांधावर येऊन उभा राहतो. ज्याच्या घरचे वर्षाचे धान्य पावसावर अवलंबून, त्याला फळाची इच्छाच टाकून दे म्हणणे ही निष्ठुरता नव्हे काय? माझ्या मते, फळावर आपली सत्ता चालते हा अहंकार सोडणे, एवढाच फलत्यागाचा अर्थ आहे; इच्छा आणि विवेक यांना त्यात पूर्ण स्थान आहे. म्हणूनच श्रद्धावान शेतकरीही पहिल्या सरीला भुलत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल उतरल्याखेरीज तो चाड्यावर मूठ धरीत नाही, कारण बी करपले तर दुबार पेरणीचे कर्ज त्याच्याच माथी बसते.

आणि बैल? त्याने तर फळ कधी मागितलेच नाही. तरी पाऊस लांबून कडबा सरला की उपासमार प्रथम त्याच्या वाट्याला येते. त्याच्या वैरणीचे दायित्व मालकावर, आणि मालक खचला तर सरकारवर येते. पीक बुडाल्याचे सांगणारी पन्नास पैशांखालची पैसेवारी, पूर्वीची तगाई, चारा छावणी या दप्तरी बाबी मला यास्तव धर्माच्याच कक्षेतील वाटतात. स्वतःच्या कर्माचे फळ सोडण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, परंतु दुसऱ्याच्या श्रमाचे फळ परस्पर सोडून देण्याचा अधिकार कोणालाही नाही.