हुकूम आणि हात

१६ मार्च १९६८. व्हिएतनाममधलं माय लाय गाव. सकाळी अमेरिकन सैन्याची चार्ली कंपनी हेलिकॉप्टरमधून उतरली. त्या दिवशी तिथं आणि जवळच्या वस्तीत म्हातारी माणसं, बाया, तान्ही पोरं मिळून ५०४ जीव गेले. हा व्हिएतनामचा आकडा. अमेरिकन सैन्याचा ३४७. चार्ली कंपनीवर समोरून एक गोळी आली नव्हती.

मित्रांनो, मारणारे राक्षस नव्हते. बरेचसे विशीतली पोरं. त्यांचे सोबती सुरुंगांवर पाय पडून गेलेले, आणि शत्रू काही दिसत नव्हता. दोनच दिवस आधी एक सार्जंट गेला. आदल्या संध्याकाळी सांगण्यात आलं, गावकरी सातला बाजारात जातील, मागं उरेल तो शत्रू. आणि व्हिएतनामी माणसासाठी तोंडात शिवी होतीच, 'गूक'. माणसाचं नाव जाऊन शिवी आली की निम्मं काम झालं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावात आपल्या आज्याला कशी हाक मारायचे, आठवा.

पण मला छळतंय ते दुसरंच. कंपनीत काळे सैनिकही होते. व्हर्नाडो सिम्पसन मिसिसिपीचा. हॅरी स्टॅन्लीही मिसिसिपीचाच. दोघांनी एकच वर्णद्वेष भोगलेला. सिम्पसननं पळणाऱ्या बाईवर गोळी झाडली. हातात शस्त्र असेल वाटलं, निघालं मूल. त्यानंतर डोकंच गेलं, पंचवीसेक माणसं मारली, हे त्यानंच पुढं कबूल केलं. स्टॅन्लीला लेफ्टनंट कॅलीनं गोळ्या घालायला सांगितलं. तो म्हणाला, नाही. कोर्ट मार्शलची धमकी आली, तरी नाही.

मग 'शोषित शोषिताला मारणार नाही' हे आपलं लाडकं वाक्य कुठं राहिलं? दुःख माणसाला शहाणं करतं असं आपण सभेत ठोकून देतो. आपोआप नाही करत. आपलीही पोरं पोटासाठी मिलिटरीत, एस.आर.पी.त जातात. हातात बंदूक येते तेव्हा आपल्या शिबिरातलं काय त्यांच्यासोबत जातं?

हुकूम होता, खरंय. पण तो स्टॅन्लीलाही होता. एक मात्र खटकतं. त्यानं मारलं नाही, तसं थांबवलंही नाही. त्याला दोष देताना जीभ अडखळते, मी तिथं काय केलं असतं कुणास ठाऊक. मध्ये पडला ह्यू थॉम्पसन. गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मधोमध त्यानं हेलिकॉप्टर उतरवलं.

शिक्षा एकट्या कॅलीला. १९७१ साली जन्मठेप, भोगली साडेतीनेक वर्षं, तीही बहुतेक घरातल्या नजरकैदेत. सिम्पसननं १९९७ साली आत्महत्या केली.