हद्दपारीनंतरचा अंधार

महाकाव्यांच्या जगात राक्षसाचा शेवट बहुधा दोन प्रकारांनी होतो. त्याचा वध होतो, किंवा त्याला हद्दपार केले जाते. वधाचा अर्थ त्या मानाने सरळ आहे. हद्दपारीचे तसे नाही. ज्याला मारणे शक्य नसते किंवा उचित वाटत नाही, त्याला समाज सीमेपलीकडे लोटतो, दार बंद करतो आणि निर्धास्त होतो. या निर्धास्तपणातूनच दोन प्रश्न उभे राहतात. दुष्टाला घालवून दिल्याने दुष्टता जाते काय? आणि ज्याला कायमचा परका ठरवले, त्याच्याविषयी घालवणाऱ्याचे काही कर्तव्य शिल्लक राहते काय?

विसाव्या शतकात या प्रश्नांचा सर्वांत विस्तृत विचार ज्या कल्पित विश्वात झाला, ते जे. आर. आर. टोल्कीन या इंग्रज लेखकाचे विश्व होय. टोल्कीन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डमधील प्राचीन इंग्रजी भाषेचे प्राध्यापक आणि श्रद्धावान कॅथलिक होते. १९१६ च्या सोम येथील रणसंग्रामात ते सैनिक म्हणून होते. ‘बेवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी काव्यावरील १९३६ च्या व्याख्यानात त्यांनी एक मुद्दा आग्रहाने मांडला : त्या काव्यातील राक्षस हे काव्याला लागलेले गालबोट नसून त्याचा गाभा आहेत. ‘द हॉबिट’ (१९३७), ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र क्रिस्तोफर यांनी संपादित केलेले ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) या ग्रंथांतून त्यांनी जे जग उभे केले, त्यातही राक्षसांचे स्थान असेच मध्यवर्ती आहे.

या जगातील आद्य दुष्ट मेल्कोर हा मुळात दिव्य शक्तींपैकीच एक, किंबहुना त्यांतील सर्वांत समर्थ. त्याला शिक्षा दोनदा होते. पहिल्या खेपेस त्याला साखळदंडांनी जखडून तीन युगे बंदिवासात ठेवले जाते. मुदत संपल्यावर तो नम्रपणे क्षमा मागतो आणि दिव्य शक्तींचा अधिपती मान्वे ती देतो. मान्वेच्या स्वतःच्या ठायी दुष्टतेचा लेशही नसल्यामुळे दुसऱ्याच्या ठायी असलेली दुष्टता त्याला ओळखता येत नाही. या क्षमेचे फळ भयंकर असते : प्रकाश देणारे दोन वृक्ष नष्ट होतात, रत्ने चोरीस जातात आणि युगानुयुगे चालणारे युद्ध पेटते. आता मॉर्गोथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेल्कोरला त्या युद्धाच्या अखेरीस विश्वाच्या भिंतींपलीकडे, कालातीत शून्यात ढकलले जाते आणि दारावर पहारा बसतो. हद्दपारीची याहून संपूर्ण कल्पना साहित्यात क्वचितच आढळेल.

तरीही कथा तेथे संपत नाही. मॉर्गोथचा सेवक सॉरॉन मागे राहतो. त्याची गोष्ट विशेष लक्षणीय आहे. स्वामीच्या पराभवानंतर तो विजेत्यांच्या दूतापुढे शरण येतो, पण त्या दूताला क्षमेचा अधिकार नसतो. स्वदेशी परतून न्यायासनासमोर उभे राहावे, एवढेच तो सांगू शकतो. हा अपमान सोसण्यापेक्षा सॉरॉन लपून राहणे पसंत करतो आणि पुढील दोन युगांचा शत्रू त्यातून घडतो. याशिवाय मॉर्गोथने मनामनांत पेरलेले असत्य त्याच्यामागेही रुजत राहते. टोल्कीन यांनी उत्तरायुष्यात केलेली टिपणे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत हा विचार अधिक खोलवर नेलेला दिसतो. सॉरॉनने आपली शक्ती एका अंगठीत ओतली होती, तर मॉर्गोथने ती पृथ्वीच्या द्रव्यातच मिसळली होती. म्हणजे अवघी पृथ्वी हीच त्याची अंगठी. अंगठी वितळवता येते. पृथ्वी वितळवून तिचे रक्षण कसे करणार? घालवून दिला गेला तो केवळ कर्ता. त्याचे कर्तृत्व मातीतच राहिले.

येथे एक आक्षेप संभवतो. असे असेल तर हद्दपारी व्यर्थच म्हणायची काय? तसे म्हणता येणार नाही. कर्त्याचा हात रोखणे ही स्वतंत्र गरज आहे. ज्यांची घरे जळत आहेत त्यांना दुष्टतेच्या मूलस्वरूपाचे विवेचन ऐकवून भागत नाही. मात्र हात रोखणे आणि दोष निपटणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले पार पडले की दुसरेही झाले, असे मानणे हा हद्दपार करणाऱ्यांना नेहमी पडणारा मोह आहे.

मोहाचे दुसरे रूप अधिक गंभीर आहे. टोल्कीन यांच्या धर्मश्रद्धेनुसार दुष्टतेला सर्जनाची शक्ती नाही. ती केवळ आधीच्या चांगल्याची विटंबना करू शकते. संत ऑगस्टीनपासून चालत आलेला हा विचार त्यांच्या कथेतील पात्रेही बोलून दाखवतात. मग मॉर्गोथ आणि सॉरॉन यांच्या सैन्यात सहस्रावधींनी दिसणारे ऑर्क कोठून आले? ‘द सिल्मरिलियन’मधील उत्तर असे, की बंदी केलेल्या एल्फ लोकांना छळून, विकृत करून त्यांची पैदास झाली. नंतर टोल्कीन यांनी मनुष्यवंशाचा, तसेच पशूंचाही पर्याय तपासून पाहिला. त्यांचे समाधान मात्र झाले नाही. अडचण उघड होती. ऑर्क जर विटंबित जीव असतील, तर त्यांच्यात मूळचे काही चांगले शिल्लक असले पाहिजे. आणि ते असेल, तर त्यांची सरसकट कत्तल निर्दोष कशी ठरेल? १९५४ मध्ये लिहिलेल्या, पण न पाठवलेल्या एका पत्राच्या मसुद्यात त्यांनी ऑर्क स्वभावतः दुष्ट असल्याचे म्हटले. त्यांचा उद्धार अशक्यच आहे असे म्हणण्याच्या उंबरठ्यावर मात्र ते थबकले.

कथेची वीण त्यांच्या सिद्धान्ताहून अधिक प्रामाणिक आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या खंडाच्या अखेरीस दोन ऑर्क सरदार आपसांत बोलताना ऐकू येतात. युद्ध संपले की चार विश्वासू साथीदार घेऊन बड्या धन्यांपासून दूर कोठेतरी निघून जावे, असे स्वप्न ते रंगवतात. सोबत्याला मरणाच्या दारात टाकून जाणाऱ्याचा ते धिक्कारही करतात, आणि लागलीच आपणही आपल्या एका सोबत्याला तसेच सोडून दिल्याची आठवण हसत हसत सांगतात. टॉम शिपी या अभ्यासकाने या विसंगतीकडे लक्ष वेधले आहे. ऑर्कांना नीती ठाऊक आहे, ती ते स्वतःला लावत नाहीत एवढेच. हा दोष त्यांना राक्षस ठरवण्यास पुरेसा असेल, तर मानवांपैकी किती जण सुटतील?

याच कथेत सॅम हा साधा माळी शत्रुपक्षातील एका मृत मनुष्याकडे पाहून विचारात पडतो, की याचे नाव काय असेल, तो खरोखर दुष्ट होता की कोणाच्या असत्यापायी किंवा धाकापायी घरापासून इतक्या दूर आला. एकाही मृत ऑर्कापाशी असा प्रश्न कोणी विचारत नाही. विजयानंतर राजा आरागॉर्न शत्रूच्या मानवी सैनिकांना क्षमा करतो, मॉर्डॉरच्या गुलामांना मुक्त करून जमिनी देतो. ऑर्क मात्र सैरावैरा पळतात, बिळांत शिरतात आणि कथेतून नाहीसे होतात. त्यांच्यासाठी न्यायासन मांडले जात नाही. १९४४ मध्ये वायुदलात असलेल्या क्रिस्तोफरला लिहिताना टोल्कीन यांनी स्वतःच कबूल केले होते, की प्रत्यक्ष जीवनात ऑर्क दोन्ही पक्षांत आढळतात.

प्रत्यक्ष जीवनाचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे, कारण जन्मसिद्ध दुष्टांची जात ही केवळ कवींची निर्मिती नाही. भारतात ती कायद्याने निर्माण केली गेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समूहांना जन्माने गुन्हेगार ठरवले. पुढे १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याची व्याप्ती वाढली. माणसांची नोंदणी झाली, हजेरी लागली, सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, परंतु संशय रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन (१९८७) म्हणजे या कुंपणाच्या आतून आलेला शब्द. दोन ऑर्कांचे संभाषण ऐकताना वाचकाला जे अस्वस्थपण जाणवते, त्याचे मूळ येथे आहे : ज्याला राक्षस म्हटले गेले, तो बोलू लागला की राक्षस ही संज्ञाच संशयास्पद ठरते.

भारतीय परंपरेत या प्रश्नाला आणखी एक वळण मिळालेले आहे. वामनाने सुतलात पाठवलेला बळी हा हद्दपार असुर खरा. पण भागवतानुसार विष्णू स्वतः त्याचा द्वारपाल होतो. विजेत्याने पराजिताच्या दारी उभे राहावे, ही कल्पना टोल्कीन यांच्या शून्याच्या दाराहून पार वेगळी आहे. तेथील पहारेकरी आतल्याला बाहेर येऊ नये म्हणून उभा आहे. येथील त्याच्या सन्मानासाठी आणि रक्षणासाठी. लोकमानसाने तर बळीला वर्षातून एकदा परत येण्याची वाट मोकळी ठेवली. केरळात ओणमला त्याचे स्वागत होते, महाराष्ट्रात दिवाळीच्या पाडव्याला त्याच्या राज्याची कामना केली जाते. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) या स्मृतीचा अर्थ स्पष्ट केला : घालवला गेला तो राक्षस नव्हता, शेतकऱ्यांचा राजा होता. हद्दपारीचा हुकूम विजेता लिहितो. म्हणून तो पुन्हा वाचून पाहावा लागतो.

अर्थात प्रत्येक हद्दपार बळी नसतो. मॉर्गोथमध्ये बळी शोधणे ही भाबडी करुणा होईल, आणि अशा करुणेचे मोल मान्वेच्या क्षमेने दाखवून दिलेच आहे. मग क्षमा कोठे योग्य ठरते? याचे उत्तर टोल्कीन यांच्या गॉलम या पात्रात सापडते. अंगठीच्या लोभाने खून करणाऱ्या गॉलमला त्याच्या आजीनेच कुळातून हाकलले होते. डोंगराखालच्या काळोखात तो शतके काढतो. बिल्बो त्याला मारू शकत असतानाही दयेने सोडून देतो. हा दयेचा प्रसंग ‘द हॉबिट’च्या पहिल्या आवृत्तीत नव्हता; १९५१ च्या सुधारित आवृत्तीत तो आला. पुढे बिल्बोचा वारस फ्रोडो अग्निकुंडाच्या काठावर अंगठी टाकू शकत नाही, आणि ज्याला पूर्वी जिवंत सोडले होते तो गॉलमच ती हिसकावून तिच्यासह ज्वालांत कोसळतो. जगाचे रक्षण न झालेल्या एका वधामुळे होते.

मान्वेची क्षमा आणि फ्रोडोची दया यांतील भेद येथे स्पष्ट होतो. मान्वेला दुष्टता कळतच नव्हती, म्हणून त्याने क्षमा केली. फ्रोडोने स्वतः अंगठीचे ओझे वाहिले होते. गॉलमच्या विकृत चेहऱ्यात त्याला आपला संभाव्य चेहरा दिसत होता. म्हणूनच तो त्याच्यावर दया करतो, आणि म्हणूनच त्याच्याकडून शपथ घेतो आणि सावधही राहतो. पहिली क्षमा अज्ञानातून आलेली, दुसरी आत्मज्ञानातून. समाजांनाही हाच निकष लागू पडतो. ज्याला बाहेर घालवायचे त्याला घालवावे लागेल, काही दारांवर पहारेही ठेवावे लागतील. मात्र तो निर्णय घेणाऱ्यांना, जे बाहेर लोटले त्याचा अंश आपल्या मातीत किती उरला आहे हे ठाऊक असले पाहिजे, आणि बंद दारापलीकडून आवाज आला तर तो ऐकण्याची त्यांची तयारीही असली पाहिजे. ही तयारी नसेल, तर कुंपणाच्या कोणत्या बाजूला राक्षस आहे हे सांगणे अवघड होते.