तबला ठेवून ड्रम्स शीक

सोलापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तबल्याचा क्लास सोडून ड्रम्स शिकायचे, असं तू लिहिलंस. ड्रम्स जरूर शीक. पण तबला सोडण्याआधी सारथी कोरवार यांचं वादन ऐक.

लंडनच्या आजच्या जॅझमधलं हे मोठं नाव. जन्म अमेरिकेतला, बालपण अहमदाबाद आणि चेन्नईत गेलं. दहाव्या वर्षी तबला हाती आला. मग अहमद जमाल आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझची ओढ लागली. सतराव्या वर्षी ते पर्यावरणशास्त्र शिकायला पुण्यात आले. मन मात्र रमलं राजीव देवस्थळी यांच्याकडच्या तबल्यात. तबल्यावर कमावलेलं ड्रम्सवर उतरवायला ते तिथंच लागले. पुढे लंडनला गेल्यावरही त्यांनी बनारस घराण्याच्या संजू सहाय यांचं शिष्यत्व पत्करलं. तिथल्या 'सोआस' विद्यापीठातल्या पदव्युत्तर अभ्यासातही विषय हाच होता: आपला तालविचार परक्या तालवाद्यांवर कसा आणायचा.

ड्रम्सवर मोकळीक मिळते म्हणतोस, ते खरं आहे. पण समेचं भान पक्कं असेल त्यालाच ती पेलते. कायदा, पलटा, तिहाई अंगात मुरली, की हातात काठ्या आल्या तरी बोल विसरत नाहीत.

दुसरी गोष्ट कानाची. 2016 साली आलेल्या 'डे टू डे' या त्यांच्या पहिल्या अल्बमसाठी कोरवार गुजरातेतल्या रतनपूरला गेले आणि तिथल्या सिद्दी गायक-वादकांचं संगीत ध्वनिमुद्रित केलं. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांचे ढोल आणि जॅझ त्या अल्बममध्ये शेजारी नांदतात. 2019 च्या 'मोअर अरायव्हिंग'मध्ये त्यांनी मुंबई-दिल्लीच्या रॅपर्सना सोबत घेतलं. मुंबईचा एमसी मवाली त्यातलाच. लंडनमध्ये राहून त्यांनी इथल्या गल्लीतला आवाज दूरचा मानला नाही.

तूही जानेवारीत इथं सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला ये. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली हलगी नीट ऐक, मात्रा मोज, वाजवणाऱ्यांना अदबीनं विचार. ही विद्या कुठल्याही क्लासच्या अभ्यासक्रमात नाही, आणि ती आपल्या गावची आहे.

तेव्हा रोजचा रियाज चुकवू नकोस आणि गुरुजींकडे जाणं थांबवू नकोस. ड्रम्सच्या फीचं मी पाहतो.

तुझे,
आजोबा