जन्माची साक्ष

ब्राझीलमधील ‘रेदे ग्लोबो’ या दूरचित्रवाणी संस्थेने २००९ सालच्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत ‘कामिन्यो दास इंदियास’, म्हणजे ‘हिंदुस्थानची वाट’, या नावाची दोनशेहून अधिक भागांची एक मालिका प्रक्षेपित केली. ग्लोरिया पेरेस यांनी लिहिलेल्या या मालिकेला त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक मिळाले, आणि तिच्यातील पात्रांच्या तोंडचा ‘अरे बाबा’ हा उद्गार काही काळ तेथील आबालवृद्धांच्या जिभेवर खेळू लागला. पोर्तुगीज बोलणारे नट-नटी राजस्थानी व्यापाऱ्याच्या घरात वावरताना दिसतात तेव्हा आपल्याकडील प्रेक्षकाला पोशाखांत, विधींत आणि उच्चारांत शंभर चुका सहज सापडतील; पण त्या मोजीत बसण्यात मला रस वाटत नाही. या परक्या हातांनी आपल्या समाजाचे एक असे मर्मस्थान उघडे केले आहे की, त्याकडे पाहण्याचे धैर्य आपल्याच कथाकारांनी क्वचितच दाखविले असेल, आणि म्हणूनच या मालिकेचा विचार धर्मचिंतनाच्या अंगाने करणे मला अगत्याचे वाटते.

कथानक थोडक्यात असे. व्यापारी जातीतील माया ही तरुणी बहुआन या सुशिक्षित तरुणावर प्रेम करते. बहुआन जन्माने दलित असून शंकर नावाच्या एका विद्वान ब्राह्मणाने त्याला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविलेले आहे. हे प्रेम विवाहापर्यंत पोहोचत नाही. मायेच्या पोटी बहुआनचा गर्भ राहिलेला असतानाच तिचे लग्न राज या स्वजातीय, श्रीमंत तरुणाशी लावून दिले जाते, आणि जन्मास आलेला नीरज हा राजचाच पुत्र म्हणून त्या घरात वाढू लागतो. हा राजही दुडा नावाच्या ब्राझिलियन तरुणीवर प्रेम करीत होता आणि वडिलांच्या आज्ञेखातर त्याने तिचा त्याग केलेला आहे. राजचे वडील ओपाश म्हणजे कुलाचाराचे मूर्तिमंत रखवालदार. दलिताच्या सावलीचाही विटाळ मानणारे. त्यांची वृद्ध आई लक्ष्मी ही त्या घरातील परंपरेची अखेरची निर्णायक वाणी. आणि कथेच्या शेवटाकडे उघडकीस येते ते हे की, तारुण्यात लक्ष्मीचे शंकरवर प्रेम होते व ओपाश हा त्या शंकरचाच पुत्र आहे.

एकाच छपराखाली नांदणाऱ्या दोन स्त्रिया, एक आजेसासू आणि एक नातसून, दोघींच्याही अंतःकरणात एकच रहस्य. मालिकेतील गाणी, नाच आणि अश्रू बाजूला सारले, तर माझ्या मते तिचा गाभा एवढाच उरतो. ज्या घराने जातिशुद्धीच्या नावाखाली एका निरपराध मुलाला झिडकारले, त्या घराची स्वतःची शुद्धता दोन पिढ्या दोन स्त्रियांच्या मौनावर तगून राहिलेली असते. जात जन्माने ठरते असे आपण म्हणतो. जन्म पित्याच्या नावाने ठरतो. आणि पित्याचे नाव निश्चयाने सांगू शकेल अशी व्यक्ती जगात एकच असते, ती म्हणजे माता. तेव्हा ज्या व्यवस्थेने स्त्रीला सभेत, यज्ञात आणि दप्तरात साक्षीचा अधिकार नाकारला, तीच व्यवस्था आपल्या संपूर्ण वंशावळीसाठी तिच्या एका अलिखित साक्षीवर विसंबून राहिली. असे असता ती साक्ष मोकळेपणाने घेण्याची हिंमत तिला कधीच झाली नाही.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांना हे भय पुरेपूर ठाऊक होते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाने युद्धाविरुद्ध मांडलेल्या कैफियतीत कुलक्षयापासून स्त्रियांच्या बिघाडापर्यंत आणि तेथून वर्णसंकर व पितरांच्या अधःपतनापर्यंत जी कारणपरंपरा आली आहे, ती याच भयाची आहे. परंतु त्याच महाभारताच्या वनपर्वात, भीमाला विळखा घालून बसलेल्या सर्परूपी नहुषाने ब्राह्मण कोणास म्हणावे असे विचारले असता, युधिष्ठिराने दिलेले उत्तर वाचताना मी दर वेळी थबकतो. सत्य, दान, क्षमा, शील हे गुण ज्याच्या ठायी दिसतील तो ब्राह्मण, एवढे सांगून तो थांबत नाही. मनुष्यजातीत सर्व वर्णांचा इतका संकर झालेला आहे की जातीची परीक्षा करणे अत्यंत दुष्कर होय, असे तो स्वच्छ सांगतो, आणि म्हणून तत्त्वदर्शी लोक शीलालाच प्रमाण मानतात असा निष्कर्ष काढतो. ज्या गोष्टीच्या नुसत्या शंकेने धाकट्या भावाचे धनुष्य गळून पडले, ती घडून गेलेली वस्तुस्थिती म्हणून थोरला भाऊ शांतपणे स्वीकारतो. या दोन भावांपैकी आपल्या समाजाने धाकट्याचे भय उचलले आणि थोरल्याचे ज्ञान ग्रंथात बांधून ठेवले, ही गोष्ट मला अत्यंत दुःखाची वाटते.

आणि हे दोघेही कोणाचे पुत्र? कुरुकुमारांच्या शस्त्रपरीक्षेच्या दिवशी अर्जुनासमोर कर्ण उभा राहिला तेव्हा प्रेक्षागारात कुंती मूर्च्छित झाली. कृपाचार्यांनी कर्णाला त्याचे कुळ विचारले, कर्णाची मान खाली गेली, आणि उत्तर जाणणारी एकमेव स्त्री त्या सभेत असूनही तिच्याकडे कोणी वळले नाही. पुढे रणभूमीवर लक्षावधी प्रेते पडल्यानंतर कुंतीने तोंड उघडले, तेव्हा वनात नहुषाला एवढे उदार उत्तर देणाऱ्या त्याच युधिष्ठिराने, स्त्रियांच्या पोटात यापुढे गुपित राहणार नाही, असा सकल स्त्रीजातीला शाप दिला. तत्त्वज्ञान मुखोद्गत असलेल्या पुरुषालाही स्वतःच्या घरातील सत्य एवढे असह्य झाले. कुंती का गप्प राहिली, तिने बोलावे अशी व्यवस्था कोणी केली होती, हे त्याने स्वतःला विचारले नाही. मालिकेतील मायेवर सारे घर उलटते, तेव्हाही हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या, भारतातील जातींविषयीच्या निबंधात या प्रश्नाचे उत्तर मानववंशशास्त्राच्या थंड भाषेत दिलेले आहे. जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे. आणि तो टिकवावयाचा तर स्त्रीपुरुषांची संख्या जुळती राखावी लागते, म्हणून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी निर्माण झाल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अवघ्या पंचविशीतील एका विद्यार्थ्याने हे पाहिले की, जातीचा कोट बाहेरून जितका अस्पृश्याविरुद्ध बांधलेला आहे, तितकाच तो आतून घरातल्या स्त्रीविरुद्ध बांधलेला आहे. बहुआनला दाराबाहेर ठेवणे आणि मायेला दाराआड ठेवणे ही एकाच कुलपाची दोन कामे आहेत.

ही कथा ब्राझीलने पाहिली याचेही मला नवल वाटत नाही. पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रो आल्वारेस काब्राल याचे तांडे १५०० साली हिंदुस्थानकडे निघाले असताना वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले, आणि तेव्हापासून ही दोन भूखंडे एकाच पोर्तुगीज सत्तेच्या दप्तरात नोंदली गेली. त्या सत्तेच्या अमलाखाली धर्मपरीक्षणाच्या न्यायासनाचा (इन्क्विझिशनचा) नोकर व्हावयाचे असेल तर अर्जदाराच्या चारही आजी-आजोबांची तहकीकात होई, गावोगावच्या म्हाताऱ्या साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या जात, आणि त्याच्या रक्तात यहुदी, मूर किंवा हबशी अंश नाही असा निर्वाळा मिळाल्यावाचून नेमणूक मुक्रर होत नसे. जुने आणि नवे ख्रिस्ती हा भेद कायद्याने रद्द व्हावयास १७७३ साल उजाडावे लागले. गोव्यात तर धर्मांतरानंतरही बामण, चारडो, सुदिर हे भेद देवळाच्या पायरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत चालत राहिले. एकाच देवाची एकच भाकर वाटून घेणाऱ्यांनाही मुलगी देताना कुळ विचारावेसे वाटले.

ब्राझीलमधील गुलामगिरीचा कायदा याहूनही बोलका आहे. तेथे पित्याचे नाव कोणाला नकोच होते. गुलाम स्त्रीच्या पोटचे मूल, मग पिता मळ्याचा मालक का असेना, गुलामच होई. १८७१ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या कायद्याने अशा नवजात मुलांना प्रथम स्वातंत्र्य दिले, आणि संपूर्ण मुक्ती १३ मे १८८८ रोजी आली. म्हणजे जेथे पित्याच्या नावाने मूल वर चढले असते तेथे ते नाव पुसावयाचे, आणि जेथे पित्याच्या नावाने मूल खाली आले असते तेथे ते नाव दडपावयाचे. गर्भावर ताबा ठेवण्याच्या या दोन तऱ्हा दोन भूखंडांत वाढल्या असल्या तरी त्यांची नीती एकच आहे. तेथील प्रेक्षकाने दूर देशीच्या रंगीबेरंगी जातिभेदावर अश्रू ढाळले. आपल्याच आजीच्या आजीविषयीची एखादी न बोललेली गोष्ट त्यातल्या कोणाकोणाला त्या वेळी आठवली असेल, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

प्रेम या व्यवस्थेचे काय करू शकते? मालिकेचा निकाल निराशाजनक आहे. ब्राझीलमध्ये अशा मालिका प्रक्षेपण चालू असतानाच लिहिल्या जातात, आणि प्रेक्षकांचा कल पुढील भागांत उतरतो. येथे तो कल राजच्या बाजूने झुकला. बहुआनचे प्रेम सूडाने काळवंडत गेले, आणि माया अखेरीस आपल्या स्वजातीय पतीच्याच घरात स्थिरावली. राज तिला क्षमा करतो, मुलाला आपला म्हणतो. हे औदार्य मी लहान लेखीत नाही. रक्ताचे नाते नसलेल्या मुलाला छातीशी धरणे हे कोणत्याही धर्मातील मोठे पुण्य आहे. परंतु क्षमा कशाची झाली? पतीला फसविले याची क्षमा मागणे मायेला भागच होते. दलितावर प्रेम केले, याची क्षमा मागण्याचे तिला कारण नव्हते, आणि ती देण्याचा अधिकार राजला नव्हता. मालिकेने या दोन गोष्टींची गाठ मारून टाकली, आणि त्या गाठीत बहुआनचे पितृत्व नाहीसे झाले. ज्या असत्याची शिक्षा मायेने भोगली ते असत्य तिच्याकडून जातीनेच वदवून घेतले होते. त्या जातीने मात्र कोणाची क्षमा मागितली नाही.

लक्ष्मीचे रहस्यही बारकाईने पाहण्याजोगे आहे. ते फुटल्यावर ओपाशला धक्का बसतो खरा, पण त्याचा पिता निघतो तो ब्राह्मण. त्याच्या रक्ताचा तोल वरच्या बाजूला गेला. शंकरच्या जागी अपवित्र मानला गेलेला, ज्याची सावलीही टाळली जाते असा कोणी पुरुष असता, तर लेखिकेची लेखणी तेथवर गेली असती काय?

हाच पेच आपल्या उपनिषदांपाशीही येऊन ठाकतो. छांदोग्यातील सत्यकाम आपल्या मातेला गोत्र विचारतो. तारुण्यात अनेक ठिकाणी सेवा करीत हिंडत असताना तू मला लाभलास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, असे जबाला सांगते. आणि मुलगा ते शब्द जसेच्या तसे हारिद्रुमत गौतमाच्या पुढ्यात ठेवतो. जगाच्या धर्मवाङ्मयात एका स्त्रीने आपल्या मुलाच्या जन्माविषयी इतक्या निर्भयपणे दिलेली साक्ष मला दुसरी ठाऊक नाही. पण गौतम काय म्हणतो? ब्राह्मणावाचून दुसरा कोणी असे बोलणार नाही, असे म्हणून तो त्याला उपनयनासाठी समिधा आणावयास सांगतो. म्हणजे सत्याचा गौरव झाला आणि त्याच क्षणी त्याच्यावर जातीचे शिक्कामोर्तबही झाले. पुढे आद्य शंकराचार्यांनी भाष्यात जबालेला पतीच्या घरी अतिथिसेवेत गुंतलेली गृहिणी केले, जेणेकरून गोत्र विचारण्यास तिला सवड मिळाली नाही एवढाच अर्थ उरावा. आणि ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात तर हीच कथा, गौतमाने शूद्रत्वाचा अभाव निश्चित झाल्यावरच मुलाला स्वीकारले, याचा पुरावा म्हणून दाखल झाली. कुलूप उघडू शकणारी साक्ष कुलूप घट्ट करण्याच्या कामी लावली गेली. आपल्याच भूमीतील संत बहिणाबाईंनी, स्वतः ब्राह्मण कुळातील असून तुकोबांना गुरू करणाऱ्या त्या स्त्रीने, ‘वज्रसूची’तील ब्राह्मण्याची चिकित्सा अभंगांत आणली, ती मला या दोन भाष्यांहून जबालेच्या अधिक जवळची वाटते.

गौतमाने न विचारलेला प्रश्न नीरजच्या रूपाने शिल्लक राहतो. जबालेला पिता ठाऊक नव्हता. मायेला ठाऊक आहे, आणि तो ज्यांना समाजाने खालचे म्हटले त्यांपैकी आहे. त्या मुलाने उद्या आईला आपले कुळ विचारले, तर तिने त्याला दोन्ही नावे सांगावीत असे माझे मत आहे: ज्याच्यापासून जन्म झाला ते बहुआनचे आणि ज्याने वाढविले ते राजचे. नंतर सत्यकामाप्रमाणे त्याने स्वतःच्या नावापुढे आईचे नाव लावले, तर ते नोंदवून घेण्यास शाळेच्या, देवळाच्या किंवा कचेरीच्या दारात बसलेल्या माणसाला हरकत घेण्याचे कोणते कारण उरते, ते त्याने सांगावे.