३०२चे दोन श्वास

सावकाश बसा. पाठ टेकू द्या. डोळ्यांसमोर १९६९ सालच्या दोन अमेरिकन गाड्या आणा: शेव्हरोलेची कॅमेरो झेड/२८ आणि फोर्डची मस्टँग बॉस ३०२. चावी अजून फिरवू नका.

आधी नुसते आकडे. ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिन ५ लिटरच्या आत हवे आणि तशी गाडी शोरूममध्येही विकायला हवी, हा तेव्हाचा नियम. म्हणून दोघांनीही ३०२ घनइंचांचे व्ही-८ इंजिन बांधले. बोअर ४ इंच, स्ट्रोक ३ इंच, दोन्हीकडे. जाहीर केलेली ताकद २९० हॉर्सपॉवर, तीही दोन्हीकडे. इथे जरा थांबा. कागदावर तरी निवडायला काही उरलेले नाही.

आता कॅमेरोचे बॉनेट उघडा. हे इंजिन १९६७च्या गाडीसाठी जमवले, तेही घरात होते त्यातूनच: ब्लॉक ३२७ इंजिनाचा, स्ट्रोक २८३चा. आखूड स्ट्रोक, त्यामुळे आरपीएम बिनतक्रार चढत जातात. मला ही काटकसर फार देखणी वाटते.

मग बॉसकडे वळा आणि इथे जास्त वेळ रेंगाळा. फोर्डने छोट्या ब्लॉकवर आपल्याच क्लीव्हलंड इंजिनासाठी आखलेली हेड बसवली. व्हॉल्व्ह तिरके, आणि इनटेक व्हॉल्व्ह तब्बल २.२३ इंचांचा! चार इंचांच्या सिलिंडरमध्ये तो कसा मावला असेल, मनातच मापून पाहा. आता चावी फिरवा, हळू चालवा. पात्र रुंद झाले की नदी संथ होते, तशी त्या मोठ्या पोर्टमधून हवा रेंगाळत येते; इंजिन मरगळलेले वाटते. घाई करू नका. आरपीएम चढू द्या. चार हजारांच्या पुढे त्याच वाटेने हवा भरभरून आत शिरते.

कॅमेरोही वरच्या आरपीएमलाच खुलते, पण माझे मन बॉसकडे झुकते. डिझायनर लॅरी शिनोडा यांनी तिच्या मागच्या बाजूंवरचे हवेचे खोटे झरोके काढून टाकले, याचाही त्यात वाटा आहे.

ट्रान्स-ॲमचे १९६८ आणि १९६९चे विजेतेपद मात्र शेव्हरोलेचे, ड्रायव्हर मार्क डोनह्यूच्या कॅमेरोच्या जोरावर. फोर्डला ते मिळाले १९७० साली. त्याच वर्षी रस्त्यावरच्या बॉसचा तो इनटेक व्हॉल्व्ह २.१९ इंचांवर आला होता.