इंजिनाचं आयुष्य आणि नागसेनाचं उत्तर

इंजिन किती वर्षं टिकतं, हे माझ्या गॅरेजात रोज कोणीतरी विचारतं. माझ्याकडे जास्त येतात त्या शंभर सीसीच्या जुन्या हिरो होंडा. सीडी १००, स्प्लेंडर. मी सांगतो, ऑइल वेळेवर बदललं आणि एअर फिल्टर साफ ठेवला, तर ब्लॉक न खोलता लाखभर किलोमीटर कुठे जात नाहीत. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. का अपुरं, ते मला पान्यांनी जितकं शिकवलं तितकंच एका पाली ग्रंथानेही शिकवलं.

मी औरंगाबादचा, शिकलो मिलिंद महाविद्यालयात. बाबासाहेबांनी १९५० साली ते सुरू केलं. पुढे त्याला मिलिंद राजाचं नाव मिळालं आणि भोवतालच्या परिसराला नागसेनवन. त्या पाली ग्रंथात प्रश्न विचारणारा मिलिंद आणि उत्तर देणारा नागसेन, दोघेही आमच्या पत्त्यातच होते. मिलिंद हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा, त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट. भिक्खू नागसेनाने त्याला विचारलं, तू रथातून आलास, तर रथ कोणता ते दाखव. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. शेवटी ठरलं ते असं, की हे भाग एकमेकांच्या आधाराने जुळले की त्या जुळणीला रथ म्हणायचं. आत वेगळा रथ दडलेला नाही.

इंजिन खोललं की मी हेच पाहतो. हेड, ब्लॉक, पिस्टन, रिंगा, क्रँक, क्लचप्लेटा, टायमिंग चेन डिझेलमध्ये धुऊन ट्रेमध्ये मांडली की इंजिन नावाची वस्तू कुठे उरत नाही. सिलिंडर झिजला तर लेथवाल्याकडून बोअर मारून आणायचा आणि मोठा पिस्टन घालायचा. मूळ बोअर ५० मिलिमीटर. त्यावर पाव-पाव मिलिमीटरच्या चार पायऱ्या, मग नवा ब्लॉक. क्रँक वाजायला लागला तर तोही बदलतो. एका निवृत्त गुरुजींच्या सीडी १०० मध्ये क्रँककेस सोडून बहुतेक सगळं बदललेलं आहे. केसवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी जुळतो, त्यामुळे आरटीओच्या लेखी इंजिन तेच. पण गुरुजी मला विचारतात, "मी घेतलं होतं ते हेच का रे?" नागसेनाने याचं उत्तर दिव्यावरून दिलंय. रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे, पण दुसरीही नव्हे; एकीच्या आधाराने पुढची पेटत आली. मला ही पळवाट वाटत नाही. गुरुजींना मी तेच सांगतो.

मग टिकतं काय, तर एकातून पुढचं येत राहण्याची ही परंपरा. ती कशावर टिकते ते ब्लॉकमध्ये बोट घातलं की कळतं. या इंजिनाचा स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. मिनिटाला ५,००० फेऱ्या धरल्या तर पिस्टन त्या पाच सेंटिमीटरच्या जागेत तासाभरात जवळजवळ ३० किलोमीटर धावतो. धातू आणि धातूच्या मध्ये असतो फक्त ऑइलचा पातळ थर. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो. तिथे हा थर सर्वांत कमजोर, म्हणून झिजलेल्या ब्लॉकमध्ये वरच्या अंगाला नखाला कड लागते. त्यात फिल्टर फाटका असला की पैठण रस्त्याची बारीक धूळ आत जाते आणि पॉलिशपेपरसारखी घासत राहते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. आधीच्या मालकाने ऑइल बदललेलं नसतं आणि निळा धूर निघतो तो नव्याच्या हातात. तो म्हणतो, यात माझं काय चुकलं? नागसेनाकडे आंबेचोराचा दृष्टांत आहे. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी तोडले ते वेगळे. तरीही तो दोषी ठरतो, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यातूनच आले. इथे भोगणारा माणूसच दुसरा आहे, एवढ्यापुरता दृष्टांत कमी पडतो. पण मालक बदलला म्हणून इंजिनाची परंपरा तुटत नाही. कर्माबद्दल बोलताना लोक स्वर्ग-नरकापर्यंत जातात. मला कर्म सिलिंडरमधल्या उभ्या ओरखड्यात दिसतं. नवं ऑइल घालून तो पुसला जात नाही. पुढचा मात्र टळतो, आणि हे थोडं नाही.

अनित्याचा सिद्धान्त लोक उलटा वापरतात, याचा मला राग येतो. सगळं नाशवंत आहे, मग कशाला जीव टाकायचा, म्हणतात. कुसिनाऱ्याला अखेरच्या क्षणी तथागतांनी भिक्खूंना जे जे घडलेलं आहे ते मोडणार असं सांगितलं, आणि त्याच दमात गाफील न राहण्याची आज्ञा दिली. वस्तू झिजते, हेच तिची काळजी घ्यायचं कारण आहे. जे झिजतच नाही त्याला ऑइल कशाला लागेल? आणि वडिलांची आठवण म्हणून गाडी कापडाखाली उभी ठेवणं, हेही जपणं नव्हे. उभ्या इंजिनात ओल धरते, रिंगा चिकटतात, पिस्टन जाम होतो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद पाच वेळा नमाज पढायचे. गिऱ्हाइकाची गाडी ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. मी निर्माता मानत नाही. तरी टॅपेट लावताना त्यांचे आणि माझे हात सारखेच चालायचे, आणि म्हणून मला वाटतं की इथे श्रद्धेपेक्षा लक्ष मोठं आहे.

आता कोणी इंजिनाचं आयुष्य विचारलं की मी आधी विचारतो, शेवटचं ऑइल कधी बदललं? आठवत नसेल तर आकडा सांगत नाही. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर ती सपाट जागी मेन स्टँडवर उभी करा, डिपस्टिक पुसा, न आवळता आत टेकवा आणि बाहेर काढून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल, तर आजच घाला.