आचाराची मालिका

शास्त्राचे वचन ऐकले, अर्थ उमगला, मनाला पटलाही. तरी वर्तन होते तेथेच राहिले, हा अनुभव साधकांत नवा नाही. विस्मरण हे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. सूक्ष्म विचार करता निराळेच कारण दिसते. अर्थ समजल्याचे समाधान इतके गोड असते की तेच आचरणाची जागा घेते. समजले म्हणजे साधले, असा भ्रम होतो. अज्ञान्याला निदान आपले न्यून कधी तरी जाणवते; अशा ज्ञात्याला तेही जाणवत नाही. म्हणून ही हानी अज्ञानाहून मोठी होय.

या संदर्भात म्हाइंभटांचे चरित्र पाहावे. ते शास्त्रनिष्णात पंडित. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींशी वाद करण्याच्या हेतूने आले आणि निरुत्तर झाले. परंतु त्यांचे मोठेपण त्या एका प्रसंगात नाही. स्वामींच्या प्रयाणानंतर श्रीनागदेवाचार्यांच्या सहवासात लीळा संकलित करण्याचे कार्य त्यांनी अंगीकारले. ज्यांनी जे पाहिले, ऐकले, ते त्यांच्याकडे जाऊन विचारून घेतले. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेले 'लीळाचरित्र' हे त्या परिश्रमाचे फळ. बोलून जिंकावयास आलेला पंडित ऐकावयास शिकला, आणि ते ऐकणे त्याने दीर्घकाळ चालविले. पालट झाला तो त्या सातत्याने.

केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या सूत्रपाठात 'आचार' हे प्रकरण आहे, तसेच 'आचारमालिका' हेही आहे. मालिका या नावातूनच साधकाने बोध घ्यावा. मणी कितीही तेजस्वी असो, एकट्याने माळ होत नाही; त्याला सूत्र लागते.

यावर शंका अशी की, संन्यस्ताला नियमांची चौकट आयती लाभते. गृहस्थाने काय करावे? पुण्यातील बिबवेवाडीहून पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाणारा व्यापारी कल्पावा. 'सत्याने वागावे' हा बोध त्याला मान्य आहे. पण तो इतका व्यापक की कोठून आरंभ करावा हे कळत नाही. त्याने एवढेच ठरवावे: आपल्या काट्यावरून कोणाचाही माल वजनात कमी जाणार नाही. आता बोधाला स्थळ मिळाले, वेळ मिळाली, आणि पाळला की मोडला हे रोज संध्याकाळी सांगता येऊ लागले.

एखाद्या दिवशी लोभाने नियम मोडला तर? बहुधा मनुष्य पश्चात्तापाच्या भरात उद्यापासून अधिक कठोर व्रत घेतो. तेही एक समाधानच. कृती पुन्हा उद्यावर जाते. त्यापेक्षा कमी दिलेले त्याच गिऱ्हाइकाला परत करावे आणि तोच लहान नियम दुसऱ्या सकाळी पुढे चालवावा. तुटलेल्या सूत्राला गाठ मारता येते. ओवलेले मणी मात्र टाकून देऊ नयेत.

तात्पर्य, आपण किती ऐकले हे साधकाने मोजू नये. ऐकलेल्यापैकी एक तरी वचन आज हातून घडले काय, एवढेच स्वतःस विचारावे.